काठ आधी, भट्टी नंतर

आमच्या विभागात नवीन मुलगा किंवा मुलगी आली की मी त्यांना आधी काच मोडायला लावते. एकाच मोठ्या तावातून कापलेल्या, एकाच मापाच्या साध्या फ्लोट काचेच्या पट्ट्या असतात. वाकवून तोडणाऱ्या यंत्रात एकेक पट्टी ठेवायची आणि किती भाराला तुटली ते वहीत लिहायचं. पोलादाच्या पट्ट्या असत्या तर आकडे एकमेकांना लागून आले असते. काचेचे तसे येत नाहीत. एक पट्टी ज्या भाराला तुटते, तिच्या शेजारची सहज त्याच्या दुप्पट भार घेते. मुलं बुचकळ्यात पडतात, यंत्राचं कॅलिब्रेशन तपासायला धावतात. यंत्र बरोबरच असतं. काचही सगळीकडे सारखीच असते. सारखे नसतात ते तिच्यावरचे ओरखडे. प्रत्येक पट्टी तिच्यावरच्या सगळ्यात वाईट ओरखड्यापाशी हार मानते.

ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं हे शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं. फार्नबरोच्या सरकारी विमान संस्थेत तो कामाला होता. बारीकसा ओरखडा धातूच्या भागाला इतका दुबळा का करतो, हे त्याला शोधायचं होतं, आणि अभ्यासासाठी त्यानं काच निवडली. काच तापवून तिचे धागे ओढायचे आणि ताणून तोडायचे. एक मिलिमीटर जाडीच्या कांडीशी तुलना केली तर तीन-साडेतीन मायक्रॉनचा धागा, तेवढ्याच क्षेत्रफळामागे, जवळजवळ वीस पट ताण सोसत होता. पदार्थ तोच. धागाच इतका बारीक की त्यात मोठी भेग मावायला जागा नाही. १९२१ साली त्याचा निबंध छापून आला. तो वाचल्यापासून काचेला नुसतं ठिसूळ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. काच मुळात फार बलवान आहे. आपण तिला कापतो, घासतो, एकीवर एक रचतो, तिथून तिचं दुबळेपण सुरू होतं.

माझं काम या ओरखड्यांना आवरून धरण्याचं. पुण्याजवळच्या एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात आम्ही काच रासायनिक पद्धतीनं कणखर करतो. यंत्रांच्या पॅनेलवरच्या काचा, मीटरची झाकणं, लॅबमधल्या उपकरणांच्या खिडक्या, कधी लॅमिनेट करणाऱ्यांसाठी पातळ ताव. ‘टफन्ड ग्लास’ म्हटलं की लोकांना दुकानाचं काचेचं दार आठवतं, पण ती पद्धत वेगळी. ती काच सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापवतात आणि दोन्ही बाजूंनी हवेचे झोत मारून एकदम थंड करतात. बाहेरचं अंग आधी घट्ट होतं, आतलं मागाहून आकसतं आणि आकसताना बाहेरच्याला दाबून धरतं. त्याला काचेची जाडी लागते. तीन मिलिमीटरच्या खाली ते अवघड होत जातं. पातळ, बाकदार किंवा अगदी नेमक्या मापाची काच असेल तर लोक आमच्याकडे येतात, आणि आमच्याकडे काम करतं ते वितळलेलं पोटॅशियम नायट्रेट.

हे पोटॅशियम नायट्रेट मला नोकरी लागण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. माझं माहेर नाशिक जिल्ह्यातलं, घरी द्राक्षबाग. तिथे त्याला तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणतात. ड्रिपमधून सोडायचं, नाही तर फवारायचं. एमएस्सी केमिस्ट्री करून मी या कारखान्यात आले आणि स्टोअरमध्ये त्याच गोण्यांची थप्पी पाहिली, तेव्हा वडिलांना फोन करून सांगितलं होतं. ते म्हणाले, “मग आपल्याकडूनच नेत जा की.” पण खताच्या प्रतीचा माल इथे चालत नाही. आम्हाला सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड जवळजवळ नसलेली शुद्ध प्रत लागते. तिचं प्रमाणपत्र तपासल्याशिवाय मी गोणी उघडू देत नाही.

३३४ अंश सेल्सिअसला हा पांढरा क्षार वितळतो आणि पाण्यासारखा नितळ होतो. स्टेनलेस स्टीलच्या टाकीत आम्ही तो ४२५ ते ४५० अंशांच्या दरम्यान ठेवतो. रॅकमध्ये उभ्या लावलेल्या काचा आधी प्रीहीटमध्ये तापवून घ्यायच्या, मग सावकाश टाकीत उतरवायच्या आणि तासन् तास तशाच राहू द्यायच्या. पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. धूर नाही, उकळी नाही, आवाज नाही. आत मात्र सोडियमचे आयन काच सोडून निघालेले असतात आणि क्षारातले पोटॅशियमचे आयन त्यांच्या जागी शिरत असतात. सोडियमच्या आयनाची त्रिज्या १.०२ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमची १.३८. लोकलच्या बाकावर खेटून बसलेल्यांमधून एखादा किरकोळ अंगाचा माणूस उठला आणि त्या फटीत भरल्या अंगाचा माणूस बसला, की सगळ्या बाकाची जी अवस्था होते तीच काचेच्या पृष्ठभागाची होते. जो तो दुसऱ्यावर रेटतो. आणि ४५० अंशांना काच अजून घट्ट असते. तिचे अणू सैलावायला ५१० अंशांच्या आसपास जावं लागतं. त्यामुळे हा रेटा फारसा विरत नाही, पृष्ठभागात साठून राहतो.

साध्या काचेत हा दाब ५०० मेगापास्कलच्या घरात जातो. दाराच्या टफन्ड काचेसाठी अमेरिकी मानकात किमान ६९ मेगापास्कल दाब पुरतो. भेग उघडायची तर बाहेरच्या ताणाला आधी हा दाब पुरता संपवावा लागतो. एस. एस. किस्लर यांनी १९६२ साली हे तंत्र शोधनिबंधातून मांडलं. एरोजेल नावाचा अत्यंत हलका घन पदार्थ १९३१ मध्ये पहिल्यांदा बनवणारे किस्लर ते हेच. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं अशी काच ‘केमकॉर’ नावानं बाजारात आणली. तिला पुरेसं गिऱ्हाईक मिळालं नाही आणि काही वर्षांनी ते काम बाजूला पडलं. पुढे २००७ साली आयफोन आला, त्याला पातळ आणि कणखर काच हवी होती, आणि केंटकी राज्यातल्या हॅरॉड्सबर्गच्या कारखान्यात त्या जुन्या विद्येतून गोरिला ग्लास निघू लागली. चांगली गोष्ट पंचेचाळीस वर्षं गिऱ्हाइकाची वाट पाहत होती.

पण खरी गोम थराच्या जाडीत आहे. साध्या सोडा-लाइम काचेत रात्रभर ठेवूनही हा थर दहा-पंधरा मायक्रॉनच्या पुढे जात नाही. थर दुप्पट हवा तर वेळ चौपट द्यावा लागतो. तापमान चढवलं तर पोटॅशियम लवकर आत जातं, पण तोवर साठलेला रेटा सैल पडू लागतो. उलट बाजूला भेगांचं माप पाहा. युरोपीय मानकात साध्या काचेची वाकण्यातली ताकद ४५ मेगापास्कल धरतात. भंगशास्त्राच्या सूत्रात हा आकडा घातला की तेवढ्या ताणाला काच तोडणारी भेग निघते साधारण ७० मायक्रॉन खोल, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. थर पंधरा आणि भेग सत्तर. भेगेचं तोंड दाबात, टोक मात्र दाबाच्या पलीकडे. आणि काच तुटायला सुरुवात होते ती टोकापासून. अशा भेगेवर आमच्या टाकीतल्या सगळ्या तपश्चर्येचा फार थोडा उपयोग होतो. इतक्या खोल भेगा काचेच्या मधल्या सपाट भागावर सहसा नसतात. त्या असतात काठावर, जिथे तिला हिऱ्यानं कापलेलं असतं. युरोपीय मानकात रासायनिक कणखर काचेला १५० मेगापास्कलची ताकद दिली आहे, साध्या काचेच्या तिपटीहून अधिक. ती मिळवायची तर टाकीआधी काठ नीट हवा.

म्हणून आमच्याकडचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस टाकीवर नसतो, काठ घासण्याच्या बेल्टवर असतो. आम्ही त्यांना मामा म्हणतो. सगळा कारखानाच मामा म्हणतो. तरुणपणी ते मुंबईत चष्म्याच्या काचा घासणाऱ्या वर्कशॉपात होते. तेव्हा चष्मे काचेचेच असत आणि परदेशी पाठवायच्या काचा क्षाराच्या छोट्या भांड्यात १६ तास ठेवत. १९७२ पासून अमेरिकेत चष्म्याच्या काचांना आघाताची कसोटी लागू झाली होती: १६ ग्रॅमचा पोलादी गोळा १२७ सेंटिमीटरवरून काचेवर सोडायचा, काच फुटता कामा नये. ते शिक्षण मामांच्या बोटांत उतरलं आहे.

मामा काठ तीन टप्प्यांत घासतात. आधी भरड बेल्ट, मग मध्यम, मग बारीक, आणि दोन्ही कडांना तिरपी पट्टी. एका टप्प्यानं केलेल्या खोल चऱ्या पुढच्या टप्प्यानं पूर्ण काढल्याच पाहिजेत. वरवर चकाकी आली आणि खाली जुनी भेग राहिली तर काठ डोळ्याला फसवतो. पाण्याची धार सतत लागते, कारण कोरडं घासलं की काच तापून कडेला बारीक चिप्स उडतात. काठ घासून झाला की मामा अंगठ्याचं नख त्यावरून फिरवतात.

“मॅडम, हा लॉट आत सोडू नका. नखाला लागतोय.”

“मामा, दिसत तर काहीच नाही.”

“दिसणार नाही. भिंगाखाली धरा.”

भिंगाखाली धरलं की शिंपल्यासारखी पापुद्र्याची खूण दिसते. बेल्ट झिजलेला असतो. लॉट परत जातो, दोन तास जातात, डिस्पॅचवाले चिडतात. या माणसाच्या नखावर मी लेखी प्रमाणपत्राहून जास्त विश्वास ठेवते, आणि तो विश्वास मोडून पाहिलेल्या पट्ट्यांमधून आलेला आहे. मामांनी घासलेल्या पट्ट्या टाकीतून काढून तोडल्या की आकडे वर तर जातातच, शिवाय एकमेकांजवळ येतात. माझ्या लेखी दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी. अभियंत्याला सरासरी फार उपयोगाची नसते, सगळ्यात दुबळा तुकडा किती भार घेईल ते माहीत असावं लागतं.

टाकीचीही निगा लागते, ती सोपी नाही. प्रत्येक लॉट आपला सोडियम क्षारात सोडून जातो. तो साठत गेला की आयनांची देवाणघेवाण मंदावते, पृष्ठभागावरचा दाब उतरतो आणि काच बाहेरून अगदी तशीच दिसत राहते. कॅल्शियमचा अंश तर अगदी थोडा असला तरी वाट अडवतो. म्हणूनच गोणीच्या प्रमाणपत्राचा माझा आग्रह. दाब आणि थर मोजायला आमच्याकडे जपानी बनावटीचं प्रकाशावर चालणारं उपकरण आहे. काच त्याच्या प्रिझमवर ठेवली की पडद्यावर काळ्या-उजळ रेघांची रांग दिसते, आणि रेघांची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर यांवरून दोन्ही आकडे निघतात. लॉटमधल्या मोजक्या काचांवर हे करतो. रेघा अंधूक होऊ लागल्या की क्षार बदलायची वेळ आली.

धोका मात्र खरा आहे. वितळलेल्या क्षारात पाण्याचा थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होते आणि क्षार उसळतो. कागद, तेल, लाकडाचा भुसा असं काही पडलं तर नायट्रेट त्याला पेटवतं. टाकी कधी गोठली तर पुन्हा तापवणं सगळ्यात जिकिरीचं: खालचा क्षार आधी वितळतो, वरची साय घट्ट असते, आणि कोंडलेला द्रव ती फोडून वर उडू शकतो. म्हणून गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असली, दिवाळीत कारखाना बंद असला, तरी टाकी गरम ठेवायला कुणीतरी असतंच. ती पाळी करणाऱ्यांना दिवाळीच्या फराळाबरोबर जादा पगारही मिळालाच पाहिजे, हे मी दर वर्षी भांडून मंजूर करून घेते.

फ्लोट काचेची आणखी एक खोड आहे. ती वितळलेल्या कथिलावर तरंगत तयार होते, त्यामुळे तिच्या एका अंगात कथिलाचा अंश राहतो. त्या बाजूनं पोटॅशियम कमी शिरतं. दोन बाजूंचा रेटा सारखा नसला की पातळ काच बाक घेते. अतिनील दिव्याखाली कथिलाची बाजू दुधी दिसते. दिवा धरून बाजू ओळखायची आणि रॅकमध्ये कुठली कुठे ते लिहून ठेवायचं. एक एमएमच्या तावाला हे चुकवून चालत नाही.

या कामात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते फुटलेल्या तुकड्यांनी. एका गिऱ्हाइकाकडून तक्रार आली की पॅनेलच्या काचा बसवतानाच फुटतात, तुम्ही त्या टाकीत घातल्याच नाहीत. मी त्यांना एकच विनंती केली: एकही तुकडा टाकू नका. दाराची टफन्ड काच फुटली की तिचे खडीसाखरेएवढे कण होतात, कारण तिच्या पोटात मोठा ताण साठलेला असतो. आमच्या काचेचा थर इतका पातळ असतो की पोटातला ताण नाममात्र, त्यामुळे तिचे मोठे, टोकदार तुकडे होतात. म्हणून माणसांच्या डोक्यावर किंवा वाटेत लावायची असेल तर ही काच लॅमिनेट केल्याशिवाय वापरू नये. तपास करणाऱ्याला मात्र हे तुकडे सोयीचे. टेबलावर चिकटपट्टीनं ते जुळवले. भेगा पुढे जाताना फाटे फोडतात. फाट्यांकडून उलट मागे येत गेलं की सगळ्या रेघा एका जागी भेटतात. ती जागा काठावर होती, स्क्रूच्या भोकाला लागून.

भिंगाखाली तुटलेल्या कडेवर मूळ ठिकाणाभोवती अर्धचंद्रासारखा एक गुळगुळीत चकचकीत पट्टा दिसतो. त्याच्या पुढे पृष्ठभाग धुरकट होतो, आणखी पुढे खडबडीत रेघा. हा चकचकीत भाग जितका लहान, तितक्या मोठ्या ताणाला काच फुटलेली असते. इथे तो चांगला मोठा होता. म्हणजे काच फार कमी ताणाला गेली, आणि मुळाशी चिरडल्यासारखी खोल चिप होती. त्याच लॉटच्या न फुटलेल्या काचा मोजल्या, त्यांचा दाब आणि थर ठरल्याप्रमाणे होते. मामांना घेऊन मी गिऱ्हाइकाच्या जोडणीच्या टेबलापाशी गेले. स्क्रूचं पोलादी डोकं थेट काचेवर बसत होतं, मध्ये वॉशर नव्हता, आणि हवेवर चालणाऱ्या ड्रायव्हरनं ते एका दमात आवळलं जात होतं. नायलॉनचा वॉशर आणि रबराची पट्टी आली, आवळण्याचा जोर ठरवून दिला, तक्रार थांबली. तिथे काम करणाऱ्या मुलींना कुणी आधी सांगितलंच नव्हतं की काचेला पोलाद टेकू द्यायचं नसतं.

पावसाळ्यात साधी काच थोडी कमी भाराला तुटते, हेही वहीतून दिसतं. हवेतल्या पाण्याचे रेणू भेगेच्या टोकाशी जाऊन सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध सोडवतात. ताणाखाली ठेवलेली काच त्यामुळे आज टिकते आणि महिन्यांनी, कुणी हात न लावता तडकते. कणखर केलेल्या काचेत भेग दाबाच्या थरात असेल तोवर तिचं तोंड मिटलेलं राहतं आणि पाण्याला तिथे काम करता येत नाही. या गुणाचं मला फार मोल वाटतं. पडल्यावर न फुटणं सगळ्यांच्या डोळ्यांत भरतं. वर्षानुवर्षं भार घेऊन उभं राहणं कुणाच्या लक्षातही येत नाही.

मोबाइलची चांगली काच आमच्या काचेपेक्षा पुढची आहे, हे मोकळेपणानं सांगते. तिच्यात अॅल्युमिना जास्त असल्यानं पोटॅशियमला वाट सोपी होते आणि थर ४० मायक्रॉन किंवा अधिक खोल जातो. लिथियम असलेल्या काचांमध्ये आधी सोडियम लिथियमच्या जागी शंभर मायक्रॉनहून खोल शिरतं, मग पोटॅशियम पृष्ठभाग सांभाळतं. डांबरी रस्त्यावरची खडी करते त्या खोल घावांसाठी हीच योजना आहे. दुकानात मिळणाऱ्या गार्डवर ‘९एच’ छापलेलं असतं, त्याचा या ताकदीशी संबंध नाही. ती पेन्सिलच्या कडकपणाची कसोटी आहे. ९एच पेन्सिलनं ओरखडा उठत नाही, एवढाच तिचा अर्थ. वाळूतली गारगोटी काचेपेक्षा कठीण असते, खिशातल्या चिमूटभर वाळूनं त्यावर चरा पडतोच.

म्हणून काच मागवणाऱ्या अभियंत्यांना आणि खरेदी विभागांना माझी विनंती आहे. ड्रॉइंगवर नुसतं ‘केमिकली टफन्ड’ लिहून सोडू नका. दाब किती मेगापास्कल, थर किती मायक्रॉन, काठ कोणत्या टप्प्यापर्यंत घासायचा, चिप किती मापाची चालेल, फ्रेममध्ये काचेला काय टेकणार, हे सगळं लिहा. आणि दर पाडून मागताना काठ घासण्याच्या मजुरीला हात लावू नका. ती कापली तर टाकीत कितीही तास ठेवलं तरी ती काच तुमच्या उपयोगाची राहत नाही.